विंचवाचे बिऱ्हाड : तंबू चढवण्या-उतरवण्याचा एक इतिहास

नवी मुंबईच्या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत एक नवे वाहन दिसू लागले आहे. वाहन तसे नेहमीचेच, चारचाकी. पण त्याच्या टपावर एक चपटी, काळी पेटी बसवलेली असते. ती पेटी म्हणजे घडी केलेला तंबू. शनिवारी पहाटे अशी गाडी खारघर किंवा नेरुळहून निघते, घाट चढून मावळात किंवा माळशेजच्या बाजूला जाते, संध्याकाळी एखाद्या धरणाकाठी थांबते. पेटी उघडते, शिडी खाली येते आणि माणसे आपल्याच गाडीच्या डोक्यावर झोपायला चढतात. हे दृश्य पाहून आम्हां मराठीच्या मास्तरांना आठवली ती एक जुनी म्हण : विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. म्हणीतले बिऱ्हाड म्हणजे विंचवाची पिले. परंतु 'बिऱ्हाड' हा शब्द स्वतःच मुक्कामाचा आहे. कानडी 'बिडार' म्हणजे उतरण्याची, तात्पुरती राहण्याची जागा. तो मराठीत आला आणि हळूहळू कायमच्या संसाराचा अर्थ घेऊन बसला. ज्या शब्दाचा जन्म तळावर झाला तो घरात स्थिरावला, आणि आता घर पुन्हा टपावर चढले आहे.

हा तंबू वापरणाऱ्यांशी बोलताना आमच्या लक्षात आले की, त्यांच्या बोलण्यात डोंगरावरच्या रात्रीपेक्षा तंबू चढवण्याचा आणि उतरवण्याचा विषय अधिक असतो. ते साहजिकही आहे. पन्नास-साठ किलोचे, कधी त्याहून जड असे हे धूड एकट्याने उचलता येत नाही. आधी टपावर दोन आडवे दांडे पक्के करायचे, मग दोघातिघांनी मिळून तंबू वर चढवायचा, तो दोन्ही बाजूंनी सारखा बसला आहे हे पाहायचे, खालून बोल्ट घालून पान्याने आवळायचे, थोडे अंतर गाडी चालवून झाल्यावर थांबून ते पुन्हा तपासायचे. पावसाळ्याआधी बहुतेक जण तो उतरवतात. ओल राहिलेल्या कापडाला कोकणच्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. उतरवल्यावर तो ठेवायचा कुठे, हा आणखी एक प्रश्न. या खटाटोपात एक साधा नियम सतत पाळावा लागतो. उभ्या गाडीचा टप पुष्कळ वजन पेलतो. तंबूसह आत झोपलेली दोन-तीन माणसेही पेलतो. धावत्या गाडीचा टप मात्र त्याच्या निम्म्यानेही पेलत नाही. वळण, ब्रेक, खड्डा आणि वारा हे सारे त्या वजनात भर घालतात. म्हणून कारखानदार चालत्या गाडीसाठी टपावरच्या वजनाची वेगळी, बरीच कमी मर्यादा आखून देतात.

थांबलेल्याने पेललेले ओझे चालणाऱ्याला पेलत नाही, हा नियम मोटारीच्या टपापुरता नाही. आमच्या मते महाराष्ट्राच्या इतिहासातील काही प्रसंग या नियमाच्या उजेडात पुन्हा वाचण्यासारखे आहेत. इतिहासाने आणि साहित्याने उभारलेल्या तंबूंची वर्णने भरभरून केली आहेत. ते चढवणारे, उतरवणारे, घड्या घालणारे हात मात्र त्या वर्णनांत क्वचितच दिसतात. या लेखात आम्ही शोध घेणार आहोत तो त्या हातांचा.

तंबूच्या वाहतुकीचा चोख हिशेब ठेवला तो मुघलांनी. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त बादशाही मुक्कामाचे सामान वाहायला काय लागे ते नोंदवले आहे : १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल. त्याखेरीज एक हजार फरास, ५०० बेलदार, १०० पाणके, ५० सुतार, ३० चामडे कमावणारे आणि १५० झाडूवाले. फरास म्हणजे बिछायत घालणारा, तंबू ठोकणारा आणि काढणारा नोकर. त्यानंतर काही दशकांनी, १६६४-६५ साली औरंगजेबाबरोबर काश्मीरच्या वाटेवर निघालेल्या फ्रेंच वैद्य बर्निए याने या व्यवस्थेची किल्ली सांगितली आहे. बादशहाजवळ तंबूंचे दोन संपूर्ण संच असत. एका संचात तो आज मुक्काम करी तेव्हा दुसरा एक मजल पुढे जाऊन उभा राहात असे. या पुढच्या संचाला पेशखाना म्हणत. एकेका संचाला साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. मोठ्या तंबूंचे खांब इतके लांब व जड असत की, ते तीन तुकड्यांत सुटे होतील असेच घडवलेले असत. टपावरच्या तंबूचे दांडे जोडणाऱ्या आजच्या मनुष्याला ही युक्ती लगेच ओळखू येईल.

पेशखान्यामागे सोय तर होतीच, पण तेवढेच नव्हते. दुसरा संच पुढे गेल्यामुळे बादशहाला मोकळे मैदान कधी पाहावे लागत नसे. तो एका उभ्या महालातून निघे आणि दुसऱ्या उभ्या महालात शिरे. खुंट्या उपटण्याचा, दोर सोडण्याचा, ओल्या कनाती गुंडाळण्याचा सारा गबाळा कारभार त्याच्या दृष्टीआड होई. सत्ता हलत असतानाही ती अचल भासावी, यासाठी हजार फरास राबत होते.

मराठी राज्याने ही व्यवस्था आपल्या मापाने घेतली. अठरा कारखान्यांच्या परंपरागत यादीत तोफखाना, पीलखाना, उष्टरखाना यांच्या पंगतीला फरासखानाही आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या पोलीस ठाण्याला आजही 'फरासखाना' म्हणतात; रोज हे नाव उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागची पेशव्यांची तंबू-बिछायतींची कोठी आठवत असेल. तंबूंशी आलेले इतर शब्दही असेच आपल्यांत मिसळून गेले. 'चोब' म्हणजे लाकडी दांडा. बिनखांबी लहान तंबू तो 'बेचोबा', आणि दांडा हाती धरणारा तो चोबदार, पुढे चोपदार. 'खलवत' म्हणजे एकांत. एकांताच्या तंबूत मसलत चाले म्हणून मराठीत मसलतच 'खलबत' झाली. खोगिरावर घालायचे वस्त्र ते 'गाशा'. तळ हलवताना ते गुंडाळावे लागे. आज गाशा गुंडाळणाऱ्याजवळ घोडाही नसतो आणि खोगीरही नसते. क्रिकेटच्या बातमीत बाद झालेला फलंदाज अजून 'तंबूत' परततो. इंग्रजी 'पॅव्हिलियन' या शब्दाचे मूळही तंबूतच आहे, आणि त्या तंबूवाचक लॅटिन शब्दाचा पहिला अर्थ फुलपाखरू असा आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे.

या शब्दांत आम्हांला सर्वांत बोलका वाटतो तो 'बिनी'. सैन्याच्या पुढे जाऊन तळाची जागा शोधणारी, ती आखून देणारी तुकडी म्हणजे बिनी. तिच्यावरचा अधिकारी बिनीवाला. पेशवाईतले विसाजी कृष्ण बिनीवाले याच पदनामाने ओळखले जातात. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेला इंग्रज अधिकारी ब्राउटन याने पत्रांतून या कामाचे वर्णन केले आहे. बिनीवाला नव्या जागी पोहोचून प्रथम महाराजांच्या डेऱ्यांच्या जागी एक लहान पांढरे निशाण रोवी. मग बाजारपेठांची निशाणे लागत, आणि त्या खुणांच्या अनुरोधाने हजारो माणसांचे गाव काही तासांत वसे. कालच्या तळावर ज्याचे दुकान जिथे होते तिथेच ते आजच्या तळावरही सापडे. जमीन बदले, पत्ता बदलत नसे. आज 'बिनीचा' हे विशेषण आपण पहिल्या फळीतल्या माणसासाठी वापरतो, त्या विशेषणाच्या तळाशी मैदानात खुंटी रोवणारा मनुष्य उभा आहे.

तंबू उभारणे ही सत्तेची खूण असेल, तर तो भलत्या वेळी, भलत्या हातांनी खाली येणे हा सत्तेचा उपमर्द ठरतो. बखरपरंपरेतला तुळापूरचा प्रसंग मराठी वाचकाला पाठ असतो. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची हत्या झाली. त्यानंतर संताजी घोरपडे निवडक स्वारांनिशी रात्री बादशाही छावणीत शिरले, त्यांनी बादशहाच्या डेऱ्याच्या तणावा तोडल्या आणि सोन्याचे कळस कापून नेले, अशी ही कथा. बादशहा त्या रात्री त्या डेऱ्यात नव्हता म्हणून वाचला, असेही सांगितले जाते. ही हकीकत सांगणारे लेखन बरेच उत्तरकालीन आहे, त्यामुळे तपशिलांविषयी इतिहासकार सावध असतात. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसावी. बखरकाराने सूडाचे चिन्ह म्हणून शिर निवडले नाही, कळस निवडला. मराठ्यांनी त्या रात्री केले ते फरासांचे काम, म्हणजे दोर सोडणे आणि तंबू उतरवणे. फक्त ते धन्याच्या हुकुमावाचून केले. तंबूच्या दोरीला 'तणावा' म्हणत, फारशीतली 'तनाब' ती हीच. आज 'तणाव' हा शब्द आपण मनाच्या आणि सीमेवरच्या स्थितीसाठी वापरतो. त्या शब्दाची संस्कृत कुळी निराळी सांगता येते, पण अर्थाच्या दृष्टीने दोन्ही शब्द एकाच दोरावर उभे आहेत : ताण गेला की डोलारा खाली येतो.

कळस कापले गेले तरी औरंगजेब दक्षिणेतून परतला नाही. १६८२ पासून १७०७ साली अहमदनगरजवळ मृत्यू येईपर्यंत तो छावण्यांतूनच राज्य करीत राहिला. दख्खनच्या पावसाने त्याच्या तंबूंची परीक्षा पाहिली. ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूरच्या तळावर रात्री पूर चढला, पळापळीत म्हाताऱ्या बादशहाचा गुडघा दुखावला आणि तो उरलेले आयुष्य लंगडत राहिला. 'छावणी' या शब्दाचे मूळ छप्पर घालण्यात, शाकारण्यात आहे. पावसाळ्यात सैन्याने एका जागी निवारा करून राहायचे, ती छावणी. इथल्या माणसांना ठाऊक होते की चार महिने चालायचे नसते. पावसाळ्याआधी टपावरचा तंबू उतरवून ठेवणारा नवी मुंबईकर नकळत तोच रिवाज पाळतो.

आता ओझ्याचा नियम. त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आमच्या शहराच्या दारातच घडले. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्यासाठी इंग्रजांची मुंबईची फौज पनवेलला उतरली आणि बोरघाटाकडे निघाली. लढणारी माणसे सुमारे ३,९००. तोफा, दाणागोटा आणि सामान ओढायला व वाहायला सुमारे १९,००० बैल. एका सैनिकामागे जवळपास पाच बैल, असा हा हिशेब. या बैलांना चारा हवा, वाट हवी, राखण हवी. घाट चढून गेल्यावर ही फौज काही टप्प्यांत दिवसाला जेमतेम मैलभर सरकत होती. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई देण्याचे टाळले. त्यांनी आजूबाजूचे धान्य हलवले, गवत जाळले आणि फौजेला हळूहळू आत येऊ दिले. 'इष्टुर फाकडा' म्हणून मराठी स्मृतीत राहिलेला कॅप्टन स्टुअर्ट ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ पडला. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जळालेले होते. ११ तारखेच्या रात्री परत फिरायचे ठरले आणि तळ उतरवण्याची वेळ आली. जड तोफा तळ्यात ढकलल्या गेल्या, सामानाला आग लावण्यात आली. अंधारात निघालेली ही फौज वडगावला वेढली गेली आणि काही दिवसांत तिला तह करावा लागला. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या मुत्सद्देगिरीची चर्चा या प्रसंगात नेहमी होते, ती योग्यच आहे. पण त्या मुत्सद्देगिरीचा पाया एका साध्या निरीक्षणावर होता : या फौजेला तळ उभारता येतो, उचलता येत नाही.

हा विजय साजरा करताना आपण आणखी अठरा वर्षे मागे गेले पाहिजे. १७६० च्या ऑक्टोबरअखेर पानिपतला पडलेला भाऊसाहेबांचा तळ १४ जानेवारी १७६१ पर्यंत तिथेच राहिला. अनेक इंग्रज इतिहासकारांनी आणि त्यांच्या मागून आपल्याकडील लेखकांनीही त्या छावणीतल्या रेशमी अस्तरांच्या, सोनेरी कळसांच्या डेऱ्यांकडे बोट दाखवले आणि शिवकालीन साधेपणा सोडल्याचे हे फळ, असा निकाल दिला. हा निकाल आम्हांला फार सोपा वाटतो. त्या तळाचे खरे ओझे माणसांचे होते. सैन्यासोबत बायकामुले होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. 'बाजारबुणगे' हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, पण शिधा विकणारे, नाल ठोकणारे, पाणी भरणारे आणि तंबू ठोकणारे त्यांतच मोडत. त्यांच्यावाचून तळ उभा राहात नाही आणि त्यांना घेऊन तो झटकन उठत नाही. पराभवाचे खापर रेशमी कापडावर फोडले की या माणसांचा विचार करावा लागत नाही.

तंबू पाठीवर घेऊन हिंडणारी आणखी माणसे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांच्या निवाऱ्याला कुणी डेरा म्हटले नाही, ते 'पाल'. चार काठ्या, जुन्या लुगड्यांची किंवा गोणपाटाची आच्छादने, आणि सारा संसार गाढवाच्या पाठीवर. कैकाडी, वडार, पारधी आणि कितीतरी जमाती गावाबाहेर पाल ठोकत आणि गावाने सांगितले की उचलत. फिरत्या बादशहाला ज्या गोष्टीने वैभव आले तिनेच यांना संशयित ठरवले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगारी ठरवण्याची सुरुवात उत्तर हिंदुस्थानात झाली, आणि १९११ च्या कायद्याने ती पद्धत मुंबई इलाख्यालाही लागू होऊ शकली. हजेरी, परवाना, बंदिस्त वसाहत असा तिचा क्रम होता. सोलापुरातली काटेरी कुंपणाची 'सेटलमेंट' हे तिचेच अपत्य. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' प्रसिद्ध झाले आणि पाल ठोकण्या-उचलण्याचे जगणे मराठी साहित्यात प्रथमच आतून, ते करणाऱ्याच्या भाषेत आले. १९८१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बखरीत आणि मोहिमांच्या वर्णनांत न दिसलेले हात इथे लिहिते झाले होते. 'उपरा' शिकवताना ते केवळ एका समाजाचे दुःख म्हणून शिकवले जाते. तंबूच्या दीर्घ इतिहासातला हरवलेला अर्धा भाग म्हणूनही ते शिकवावे, असे आम्हांला वाटते.

तमाशाचे फड या दोन टोकांच्या मध्ये उभे आहेत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा पंच तिथे येऊन सुपाऱ्या ठरवतात, आणि मग हंगामभर फडाचा तंबू ट्रकवर चढत-उतरत राहतो. रात्री खेळ, पहाटे कनाती सोडणे, दिवसा प्रवास, संध्याकाळी पुन्हा खांब उभे करणे. वगातल्या राजाच्या दरबारावर समीक्षा होते. तो दरबार रोज ट्रकमध्ये भरणाऱ्या बिगाऱ्यावर होत नाही.

मोटारीच्या टपावरचा तंबू हा या मालिकेतला सर्वांत धाकटा. इटलीत १९५८ च्या सुमारास तो कारखान्यात तयार होऊ लागला. १९७० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या लोकांनी तो आपल्या चिमुकल्या ट्राबांट गाड्यांवरही चढवला. आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या रानांतून फिरत तो आता आपल्याकडे आला आहे. त्यात नवे काय, असे विचारले तर आम्ही म्हणू : इथे बादशहा आणि फरास एकच आहे. ज्याला तंबूत झोपायचे आहे त्यालाच बोल्ट आवळावे लागतात, दव पुसावे लागते, कापड वाळवावे लागते. उतरवण्याच्या कष्टांची गोष्ट ही मंडळी इतक्या तपशिलाने सांगतात याचे कारण कदाचित हेच असेल. हे कष्ट त्यांच्या वर्गाला नवे आहेत.

आणि ही गोष्ट नवी मुंबईत घडते, याला एक वेगळा अर्थ आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराच्या खुंट्या रोवल्या गेल्या. तीही एक बिनीच होती. फरक इतकाच की ती मोकळ्या मैदानावर आली नव्हती. मिठागरे, भातशेती आणि खाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहिलेल्या आगरी-कोळी कुटुंबांना आपल्याच जागेत उपरे झाल्यासारखे वाटले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातल्या आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, पाच जण मृत्युमुखी पडले. त्या आखलेल्या भूखंडांवर पुढे आमच्यासारखे देशावरून, कोकणातून आलेले नोकरदार स्थिरावले. स्थिर झालेल्यांची पुढची पिढी आता शनिवार-रविवारपुरते अस्थिर होण्यासाठी पैसे मोजते. तिच्या गाड्या द्रुतगती मार्गाने पनवेल सोडून घाट चढतात आणि कार्ले, वडगाव, तळेगाव या १७७९ च्याच वाटेने जातात. वाटेत उड्डाणपुलांच्या खाली निळ्या ताडपत्रीची पाले असतात. त्यांतल्या माणसांना कुणी छांदिष्ट प्रवासी म्हणत नाही, आणि रात्री जागा सोडायला सांगितली तर त्यांना तंबू सुटा करण्यासाठी पाना शोधत बसण्याइतका वेळ मिळत नाही.

तंबू कुणी उभारला, हे इतिहास लिहून ठेवतो. तो कुणी उतरवला, स्वतःच्या इच्छेने की दुसऱ्याच्या हुकुमाने, हे वाचकाला शोधावे लागते. पदव्युत्तर वर्गात बखर, प्रवासवर्णन, आत्मकथन आणि वग हे चार वेगळे घटक म्हणून शिकवले जातात. त्यांत सामाईक असे काही शोधायचे झाले तर विद्यार्थ्यांनी एक छोटी यादी करून पाहावी. प्रत्येक पुस्तकात मुक्काम हलतो तेव्हा सामान कुणाच्या पाठीवर चढते, एवढेच त्या यादीत लिहावे. फरास, बेलदार, बाजारबुणगे, गाढवे, बिगारी, ट्रकवाले. यादी बरीच लांबेल आणि तिच्यात नावे फार थोडी सापडतील.